सावंतसिस्टरची वेळ

मुलुंडमधली जुनी माणसं एखादी पत्रिका दाखवायला काढतात तेव्हा अजूनही एक वाक्य हमखास बोलतात. "सावंतसिस्टरच्या हातची वेळ आहे, दहा मिनिटं मागेपुढे धरा." बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. कित्येकांनी सिस्टरना पाहिलेलंही नाही, आई म्हणायची म्हणून तेही म्हणतात. पण हे वाक्य खोटं आहे. सावंतसिस्टरांनी दिलेली एकही वेळ चुकलेली नव्हती. हे वाक्य ज्या दुपारी जन्माला आलं त्या दुपारी मी तिथे उभा होतो आणि मी तोंड उघडलं नाही. सिस्टर आता नाहीत. माझंही फार राहिलेलं नाही. त्या काय होत्या ते एकदा नीट लिहून ठेवावं, एवढंच मनात आहे.

पाच रस्त्यांजवळच्या एका गल्लीत डॉक्टरबाईंचं प्रसूतिगृह होतं. खाली बाहेरची खोली, बाकं, आत बाईंची तपासणीची खोली, वर बाळंतिणींच्या खाटा. सावंतसिस्टर तिथे पहिल्यापासून होत्या. मूळच्या मालवणकडच्या. वडील परळच्या गिरणीत, त्यामुळे वाढल्या चाळीत. बुटक्या, रुंद हाडाच्या, आणि आवाज असा की वरच्या मजल्यावर बोलल्या तरी गल्लीतला भाजीवाला मान वर करायचा. एरवी त्या साधं मराठी बोलत, पण रागावल्या किंवा माया आली की मालवणीवर यायच्या. नेमकं काय झालंय ते समोरच्याने ओळखायचं.

त्यांची एक सवय सगळ्या मुलुंडला ठाऊक होती. बाळ हातात आलं की त्या आधी वेळ सांगायच्या. मोठ्याने, खणखणीत. "चार सतरा!" मग बाळाला पुसायचं, मग आईला सांगायचं मुलगा की मुलगी. खाटेवरची बाई अर्धमेली असायची, तिला तेवढंच हवं असायचं, पण सिस्टर आधी वेळ सांगणार. एका सासूने त्यावरून तोंड सोडलं तेव्हा म्हणाल्या होत्या, "वेळ बाळाची असते. मुलगा-मुलगी ही घरच्यांची भानगड."

मग त्या चिकटपट्टीच्या तुकड्यावर आईचं नाव आणि वेळ लिहून तो बाळाच्या घोट्याला लावायच्या. त्या पट्टीवरून आमचा सगळा कारभार चाले. आमचा म्हणजे ज्योतिषांचा.

मी तेव्हा भांडुपच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये कामाला होतो आणि संध्याकाळी घरी पत्रिका करायचो. विद्या वडिलांकडून आलेली. ऐंशीच्या आसपासचे ते दिवस. दुबईला जायचा योग आहे का, रंगीत टीव्ही गुरुवारी आणू की शुक्रवारी, स्कूटर कोणाच्या नावावर घेऊ, असं काहीही लोक विचारत. चांगले शिकलेले, बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेले गृहस्थ अमावास्येला नव्या ब्लॉकची किल्ली हातात घेत नसत. बिल्डरही ते जाणून होते, ते अमावास्येला बोलवतच नसत. आणि लग्न म्हटलं की पत्रिकेशिवाय पोह्यांची बशीसुद्धा बाहेर यायची नाही. या सगळ्याच्या मुळाशी घोट्यावरची ती पट्टी.

मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तो याच कामासाठी. म्हटलं, "सिस्टर, एक शंका होती. तुम्ही जन्म कधी धरता? कोणी म्हणतं डोकं दिसलं की, कोणी म्हणतं बाळ रडलं की, कोणी म्हणतं नाळ कापली की."

"तुमच्यात ठरलेलं नाही?"

"मतभेद आहेत."

"मग तुम्ही भांडा सावकाश." त्या कपाटातून चादरी काढत होत्या, काढतच राहिल्या. "आख्खं पोर माझ्या हातात आलं की जन्मलं. काही रडत नाहीत लगेच, म्हणून काय जन्मली नाहीत?"

त्या मला बुवा म्हणत. मी बुवा नव्हतो, पँटशर्टातला साधा नोकरदार होतो. पण त्यांनी एकदा नाव ठेवलं की ते बदलत नसे.

आमच्या उपनगरातल्या घड्याळांची एक गंमत सांगायला हवी. घराघरांतलं घड्याळ मुद्दाम पुढे ठेवलेलं असायचं, ऑफिसला उशीर होऊ नये म्हणून. कोणाचं पाच मिनिटं पुढे, कोणाचं दहा. त्यामुळे बाहेरच्या बाकावर बसलेला बाप आपल्या मनगटावर एक वेळ बघायचा आणि आतून सिस्टर दुसरीच ओरडायच्या. मग वाद. सिस्टर शांतपणे विचारत, "तुमचं घड्याळ किती पुढे ठेवता?" बाप ओशाळून हसायचा. स्वतः सिस्टर रोज सकाळी रेडिओवरच्या बातम्यांआधी ती टूं टूं वाजते तिच्यावर हातातलं घड्याळ लावत, आणि कामावर आल्या की पहिल्यांदा भिंतीवरचं. स्टुलावर चढून. आयाला हात लावू द्यायच्या नाहीत.

इतकं करूनही त्यांचा पत्रिकेवर विश्वास होता की नव्हता, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी कधी थट्टा केली नाही आणि कधी हातही पुढे केला नाही. एकदा मीच म्हटलं, "सिस्टर, तुमची वेळ सांगा, मी तुमची करून देतो."

त्या हसायला लागल्या. "आमची कसली वेळ? आई सांगायची, गुरं रानात सोडली होती आणि पेज चुलीवर होती. करा त्याच्यावर."

"तारीख?"

"भातलावणी झाली होती म्हणे."

संपाच्या दिवसांतली गोष्ट. गिरण्या बंद पडल्या होत्या आणि त्यांचा धाकटा भाऊ घरी बसला होता. तो एक दिवस माझ्याकडे आला. संप कधी मिटेल ते पत्रिकेत बघा म्हणाला. मीही शहाणा, कुंडली मांडून बसलो, गुरू कुठे आहे, शनी कुठे आहे. हे सिस्टरना कळलं. दुसऱ्या दिवशी मला भर बाजारात गाठलं, हातात सुरमईची पिशवी.

"बुवा, भावाला काय सांगितलंत? दिवाळीनंतर मिटेल?"

"शक्यता आहे म्हटलं."

"त्या संपाची जन्मवेळ मी नाही दिलेली. तुम्हाला कोणी दिली?" आजूबाजूच्या कोळणी हसल्या. सिस्टर पुढे गेल्या, मग परत वळून हळू आवाजात म्हणाल्या, "त्याका सांगा खंय तरी कामाक लाग म्हणान. तुमचा ऐकता तो. माझा नाय ऐकणा." मी तसं सांगितलं. ग्रहांचाच हवाला देऊन सांगितलं. तो चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत लागला आणि पुढे तिकडेच राहायला गेला.

आता ग्रहणाची गोष्ट. ऐंशी सालचं ते मोठं सूर्यग्रहण ज्यांनी पाहिलं, खरं तर पाहिलं नाही, त्यांना आठवत असेल. मुंबईत भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. लोकांनी खिडक्यांना चादरी लावल्या होत्या. गरोदर बायकांना तर हलू दिलं नव्हतं कोणी, सुरीला हात नको, सुईला हात नको. त्या दुपारी प्रसूतिगृहातली आया आलीच नाही. डॉक्टरबाई आणि सिस्टर दोघीच. आणि ग्रहण चांगलं लागलेलं असताना एक बाई बाळंत झाली.

ग्रहण सुटल्यावर त्या बाळाची आजी ओल्या केसांनी, आंघोळ करून, माझ्या दारात. म्हणाली, "भटजी, चला. त्या सिस्टरला समजावा. वेळ ग्रहण सुटल्यानंतरची लिहा म्हणावं. ग्रहणातला जन्म म्हणून आयुष्यभर डाग राहील."

मी गेलो. जायला नको होतं, पण आजी ओळखीच्या होत्या. सिस्टर सकाळपासून एकट्या राबत होत्या, चेहरा उतरला होता. आजींनी हात जोडले, पैठणी देते म्हणाल्या. मीही मध्येच बोललो, की ग्रहणाची शांत वगैरे करण्यापेक्षा हे सोपं आहे.

सिस्टरांनी बाळ उचललं आणि आजींच्या समोर धरलं. "आजी, ह्याने अजून दूधसुद्धा घेतलं नाही. आणि तुम्ही ह्याच्या नावावर खोटं लिहा म्हणता?"

मग सिस्टर माझ्याकडे वळल्या. "आणि बुवा, तुमची शांत असते ना? मग ती करा. तुम्ही काय ते करा, मला माझं करू द्या."

वेळ बदलली नाही. माझ्या माहितीत त्यांनी ती कोणासाठीच बदलली नव्हती. मूळ नक्षत्र टाळायला, आश्लेषा टाळायला, लोक काय काय घेऊन यायचे. आलेला माणूस हात हलवत जायचा, आणि जाताना रागावलेला नसायचा. मला त्याचंच नवल वाटे. मी लोकांना हवं ते सांगून त्यांना खूश ठेवत होतो. ही बाई कोणाला हवं ते सांगत नव्हती आणि तरी लोक तिच्याकडे येत होते.

सुलभा परब याच प्रसूतिगृहात जन्मलेली. तिच्या लग्नाचं निघालं तेव्हा पत्रिका मी केली. मंगळ आठव्या घरात. म्हणजे मंगळाची मुलगी, आणि आमच्यात त्याचा अर्थ नवऱ्याच्या जिवाला धोका. पण एक बारीक गोष्ट होती. तिची लग्नरास, म्हणजे जन्माच्या वेळी पूर्वेला उगवणारी रास, नुकती सुरू झालेली होती. पाच-सात मिनिटं आधीची वेळ असती तर रासच बदलली असती. म्हणून मी मुद्दाम सिस्टरकडे जाऊन विचारलं.

"सुलभाची?" त्या लगेच म्हणाल्या. "माझ्या हातावरची पहिली मुलगी ती. इथे लागले त्याच आठवड्यातली. मी घाबरलेली, म्हणून बाईंनीही वेळ बघितली आणि मीही. दोघींची एकच. तिच्यात काही बघू नका बुवा, ती पक्की."

मग मी मंगळाचाच मुलगा शोधायला सांगितला. दोघांना मंगळ असला की दोष उरत नाही, असं आम्ही मानतो. गव्हाणपाड्यातल्या दळवीकाकूंचा विनायक मिळाला. त्यालाही मंगळ. मी जुळवून दिलं. लग्न थाटात झालं, जेवणात श्रीखंड होतं, मला मानाने पहिल्या पंगतीला बसवलं.

वर्षाच्या आत विनायक काविळीने गेला.

पुढे काय होतं ते कोणाला सांगायला नको. सुलभा बाविशीची. शेजारणी जिन्यात थांबून बोलायच्या, ती आली की बोलणं थांबायचं. काकूंनी तिला हाकललं नाही, पण तिच्या हातचं पाणी पिणं सोडलं. विनायकच्या मंगळापेक्षा हिचा मंगळ भारी, असं कोणीतरी काकूंच्या डोक्यात घातलं होतं. एका दुपारी काकू माझ्या दारात आल्या. बरोबर दोन शेजारणी, आणि मागे सुलभा, काकूंची पिशवी धरून.

"तुम्ही म्हणाला होतात दोष नाही," काकू म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आम्हा ज्योतिषांकडे एक पळवाट असते. भाकीत चुकलं की म्हणायचं, जन्मवेळ चुकली असेल. समोरचा माणूस गप्प होतो, कारण जन्माच्या वेळी तो हजर असला तरी घड्याळाकडे बघत नव्हता. मी कितीदा हे वाक्य वापरलं होतं. त्या दिवशीही तेच तोंडातून आलं. "काकू, मी दिलेल्या वेळेवर गणित करतो. वेळच चुकली असेल तर मी काय करणार?"

ही वेळ पक्की आहे असं सिस्टरांनी मला स्वतः सांगितलं होतं.

"मग चला," काकू म्हणाल्या. "त्या सिस्टरलाच विचारू."

आम्ही सगळे रेल्वेचा पूल ओलांडून पलीकडे गेलो. प्रसूतिगृहाच्या बाहेरच्या खोलीत दोन-तीन बायका नंबर लावून बसल्या होत्या. सिस्टर आतून हात पुसत आल्या. त्यांनी पहिल्यांदा सुलभाकडे पाहिलं. "काय गो, केदी बारीक झालंस?"

"बारीक होईल नाही तर काय," एक शेजारीण म्हणाली. "नवरा खाऊन बसलीये."

सुलभा खाली बघत होती. ही गोष्ट तिने पहिल्यांदा ऐकलेली नव्हती, एवढं तिच्याकडे बघून कळत होतं.

"असं कोण म्हणतं?" सिस्टरांनी विचारलं.

"पत्रिका म्हणते. आठव्यात मंगळ आहे. आणि आता हे ज्योतिषी म्हणतात की वेळच चुकली असेल." काकू पुढे आल्या. "खरी होती का चुकलेली, तेवढं एकदा सांगा. मला कोणाला तरी जाब विचारायचाय."

सिस्टर माझ्याकडे वळल्या. "असं म्हणता तुम्ही?"

मी पुटपुटलो, की शक्यता असते.

"किती चुकली असेल?"

"पाच-दहा मिनिटं."

"कुठल्या बाजूला?"

मला समजलं नाही. "म्हणजे?"

"म्हणजे पोर मी सांगितलं त्याच्यानंतर जन्मलं असेल तर काय होईल, आणि आधी जन्मलं असेल तर काय होईल?"

"नंतर असेल तर काहीच नाही. मंगळ आठव्यातच राहील. आधीची वेळ असेल तर रास बदलेल आणि मंगळ नवव्यात जाईल."

"नववं घर कसलं?"

"भाग्याचं. तिथे मंगळाचा दोष नसतो."

"म्हणजे हिला मंगळच नाही?"

"नाही."

खोलीतल्या सगळ्या बायका ऐकत होत्या. सिस्टरांनी नॅपकिनची नीट घडी केली, खांद्यावर टाकली आणि काकूंच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. "मग चूक माझी. हिच्या वेळेला भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे होतं. हातातलं मी दुरुस्तीला टाकलं होतं, म्हणून भिंतीवरचं बघून सांगितलं. मागाहून लक्षात आलं. पण मी नवीन होते, बाईंना सांगायला घाबरले."

"आणि एवढी वर्षं बोलला नाहीत?"

"नाही बोलले."

मग काकू ओरडल्या. इतक्या महिन्यांचं सगळं बाहेर पडलं. घड्याळ बघायचं साधं काम, तेही जमत नाही? एका पोरीच्या कपाळावर नसलेला मंगळ लिहून ठेवलात? किती घरं अशी बुडवलीत? सिस्टर उभ्या राहून ऐकत होत्या. आवाज ऐकून डॉक्टरबाई बाहेर आल्या. "सिस्टर, हे काय ऐकतेय मी?"

"खरं आहे, बाई."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या दिवशी बाईंनी स्वतः वेळ बघितली होती, हे तिथे आम्हा तिघांनाच माहीत होतं. बाई सुलभाकडे बघून परत आत गेल्या.

मी मात्र आत जाऊ शकत नव्हतो. मला बोलता आलं असतं. सिस्टर खोटं बोलताहेत, एवढंच नव्हे. माझी वेळ बरोबर, माझं गणित बरोबर, आणि तरी मुलगा गेला, म्हणजे जगण्यामरण्याशी मंगळाचा संबंधच नसतो, असंही मला म्हणता आलं असतं. तसं म्हणणारा ज्योतिषी दुसऱ्या दिवशी ज्योतिषी राहत नाही. मी गप्प राहिलो.

ओरडून ओरडून काकू बाकावर बसल्या. "मग माझ्या विनूला कोणी नेलं?" त्या एवढंच म्हणत राहिल्या.

सिस्टर त्यांच्या शेजारी बसल्या. आत्ताच शिव्या दिलेल्या बाईचा हात त्यांनी हातात घेतला. "कावीळ झाली होती ना हो त्याला? काविळीने नेलं. दुसऱ्या कोणी नाही नेलं."

निघताना काकूंनी सुलभाच्या हातातली पिशवी काढून स्वतःच्या हातात घेतली.

दुसऱ्या दिवशी मी प्रसूतिगृहात गेलो. सिस्टर उकळत्या पाण्यातून कात्र्या काढत होत्या. म्हटलं, "सिस्टर, तुम्ही खोटं का बोललात?"

"सुरुवात तुम्ही केलीत, बुवा. मी फक्त कुठल्या बाजूला ते विचारलं."

"पण वेळ तर बरोबर होती."

"होती."

"मी लोकांना सांगतो."

"काय सांगाल? पोरीला मंगळ आहेच, असं?" त्यांनी चिमटा खाली ठेवला. "तुमच्या मंगळाने माणूस मरतो का नाही, मला ठाऊक नाही. पण त्या जिन्यात तिला रोज थोडं थोडं मारतायत, ते माका दिसला. आता गप रवा. आणि तिची पत्रिका परत मांडा. दहा मिनिटं आधीची."

मी मांडली. माझ्याच हाताने.

मग त्याची किंमत सुरू झाली, ती सगळी सिस्टरांनी भरली. आमच्या बंड्याची वेळ पण चुकली असेल का, असं विचारायला मुलांच्या आया येऊ लागल्या. ज्याच्या घरात जे काही बिनसलं होतं, कोणाचं लग्न जमत नव्हतं, कोणी परीक्षेत नापास, सगळ्यांना एक कारण मिळालं. आम्हा ज्योतिषांची तर चंगळच झाली. सगळे सावंतसिस्टरचं नाव घेऊ लागले. मी घेतलं नाही, पण दुसऱ्यांना थांबवलंही नाही. डॉक्टरबाईंना लोकांसाठी विजेवरचं नवं घड्याळ घ्यावं लागलं आणि वेळ लिहायचं काम एका नव्या सिस्टरकडे द्यावं लागलं. सावंतसिस्टरांचं ते ओरडणं थांबलं. गल्लीतला भाजीवालासुद्धा म्हणाला, हल्ली वरून काही ऐकू येत नाही.

एकदा बाहेरच्या खोलीत एक बाप मनगट वर धरून उभा होता, आतून रडणं ऐकू आलं की वेळ टिपायला. सिस्टर जवळून गेल्या तसा म्हणाला, "आपलं आपण बघितलेलं बरं. सिस्टरच्या घड्याळाचा काय भरवसा?" सगळे हसले. सिस्टरही हसल्या. "बघा हां नीट. पापणी लवू देऊ नका, तेवढ्यात जन्मायचं." आणि वर गेल्या. मी जिन्याकडे बघत राहिलो. चालीत काही फरक नव्हता. मला ते अजून कळत नाही. ज्या एका गोष्टीसाठी त्या कोणाचं ऐकत नव्हत्या, तीच त्यांनी एका दुपारी उभ्या उभ्या देऊन टाकली, आणि दिल्यावर मागे वळून पाहिलं नाही. मी देवळांतून पुष्कळ माणसं पाहिली, व्रतं करणारी, उपास करणारी. असं माणूस पाहिलं नाही.

सुलभा नोकरीला लागली. दोन-तीन वर्षांनी पार्ल्यातल्या एका शाळामास्तरांचं स्थळ आलं. त्यांच्या आईने एकच प्रश्न केला, मंगळ आहे का? काकूंनी, होय, दळवीकाकूंनीच, नवी पत्रिका पुढे केली. लग्न झालं.

सिस्टर त्या दुपारी खोटं बोलल्या होत्या, हे सुलभाला माहीत नव्हतं. मागच्या वर्षी मी तिला सांगितलं. ती आता आजी आहे. ऐकून झाल्यावर म्हणाली, "काका, माझ्या पत्रिकेचं आता काय व्हायचं ते होऊ दे. तुम्ही लिहा. त्यांची वेळ बरोबर होती असं लिहा." म्हणून लिहिलं.

सिस्टरना मी शेवटचं पाहिलं ते सुलभाच्या मुलीच्या बारशाला. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी, मुलुंडला. बाळ सावंतसिस्टरांनीच हातात घेतलं होतं. थोड्या दिवसांत त्या नोकरी सोडून भावाकडे चारकोपला जाणार होत्या. बारशाला आल्या तेव्हा निळी साडी नेसल्या होत्या आणि दारापाशी खुर्ची घेऊन बसल्या होत्या. घर बायकांनी भरलेलं. पाळण्याला फुलं बांधणं चाललं होतं.

पार्ल्याच्या आजीबाई, म्हणजे सुलभाच्या सासूबाई, माझ्याजवळ आल्या, नातीची पत्रिका करायची म्हणून. मी वेळ विचारली. त्यांनी सांगितली आणि सिस्टरकडे मान वळवून आवाज न लपवता म्हणाल्या, "वेळ खात्रीची आहे ना? ह्या बाईंनी नाही ना दिली?"

मी तोंड उघडलं. पण सिस्टर आधी बोलल्या. "नाही हो. मी नुसतं बाळ घेतलं. वेळ दुसऱ्या सिस्टरने लिहिली, विजेच्या घड्याळावर."

आजीबाईंचं समाधान झालं. सिस्टरांनी घुगऱ्यांची पुडी पिशवीत टाकली आणि उठल्या. मी मागोमाग जिन्यात गेलो. म्हटलं, "सिस्टर, मी आत जाऊन सांगतो. आत्ताच्या आत्ता."

"गप रवा," त्या म्हणाल्या. "पाळणा म्हणतत."

आत बायकांनी पाळणा धरला होता. आम्ही दोघं जिन्यात उभे राहिलो. त्यांनी कठड्यावर हात ठेवला होता आणि मान थोडी तिरकी केली होती. शेवटचं कडवं झालं, मग आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले आणि एकच हसू उठलं. सिस्टर जिना उतरू लागल्या. खालच्या वळणावर थांबल्या आणि वर बघून विचारलं, "काय ठेवलं हो नाव? त्या आवाजात ऐकूच आलं नाही."

"केतकी," मी म्हणालो.

त्यांनी ते नाव एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं, मान हलवली आणि गेल्या.